कॉकपिटपासून माना बस्तीपर्यंत

७ ऑगस्ट २०१५ च्या संध्याकाळी ढाक्याहून मस्कतला निघालेले युनायटेड एअरवेज या बांगलादेशी कंपनीचे एमडी-८३ विमान रायपूरला उतरले. इथे उतरायचे त्याचे काही कारण नव्हते. शेपटीकडच्या दोन इंजिनांपैकी एक वाटेत निकामी झाले, आत १७३ प्रवासी होते आणि हाताशी होती ती रायपूर विमानतळाची, म्हणजे माना इथली धावपट्टी. विमान सुखरूप टेकले. प्रवाशांना न्यायला दुसरे विमान आले, ते मार्गी लागले. एमडी-८३ मात्र इथेच राहिले. पुढे कंपनीचा कारभारच बंद पडला, पार्किंगचे भाडे थकत गेले आणि रायपूरहून मुंबईला निघालेला प्रवासी वर्षानुवर्षे खिडकीतून ते बेवारस विमान पाहत राहिला. शहरात त्यावर विनोदही झाले. भाडेही देईना आणि जागाही सोडेना अशा भाडेकरूवर होतात तसे.

विनोद भाड्यावर झाले. त्या संध्याकाळच्या तासाभराबद्दल फारसे कुणी बोलले नाही. या पुस्तकाचा सगळा विषय त्या तासात सामावलेला आहे, म्हणून मी तिथूनच सुरुवात करतो.

दोन इंजिनांचे विमान एका इंजिनावर उडू शकते. तशी परीक्षा दिल्याशिवाय त्याला आकाशात सोडतच नाहीत. पण वैमानिकाचे पर्याय झपाट्याने कमी होत जातात. तो संकटाचा संदेश देतो. जमिनीवरचा नियंत्रक त्याला फार प्रश्न विचारत बसत नाही. माणसे किती, इंधन किती, धोकादायक माल आहे का, एवढे विचारतो आणि जवळची धावपट्टी, तिची दिशा, वारा सांगतो. मग टॉवरवरून एकेक फोन सुटतात. अग्निशमन दलाच्या गाड्या ठरलेल्या जागी उभ्या राहतात, बाकीची विमाने थांबवली जातात, रुग्णालयांना आणि जिल्हा प्रशासनाला कळवले जाते. रायपूरला तर आणखी एक पेच होता. आंतरराष्ट्रीय उड्डाणे नसलेल्या विमानतळावर परदेशी पासपोर्टचे पावणेदोनशे लोक येऊन ठेपले होते. त्यांना कुठे बसवायचे, काय खाऊ घालायचे, पुढे कुणाच्या ताब्यात द्यायचे?

हे सगळे करणाऱ्या माणसांत कुणीच कुणाचा साहेब नसतो. टॉवर आणि अग्निशमन दल विमानतळ प्राधिकरणाचे, बंदूकधारी जवान सीआयएसएफचे, शिडी आणि ट्रॅक्टर एखाद्या विमान कंपनीचे किंवा तिच्या ठेकेदाराचे, रुग्णवाहिका राज्याची, पासपोर्टवरचा शिक्का केंद्रीय गृहखात्याचा. सगळ्यांच्या वर बसून एका आवाजात हुकूम सोडणारा असा कुणी त्या तासात तिथे नसतो. तरीही काम होते. ते कसे होते आणि कधी होत नाही, हे सांगण्यासाठी पुढची पाने आहेत.

एक गोष्ट इथे सांगितल्यावाचून राहवत नाही. मानाची हवाईपट्टी दुसऱ्या महायुद्धाच्या काळातली. १९६४ साली पूर्व पाकिस्तानातून आलेल्या निर्वासितांच्या छावण्या याच मानात पडल्या. माना कॅम्प हे नाव तेव्हापासूनचे. म्हणजे २०१५ साली बंगाली बोलणारे ते प्रवासी ज्या धावपट्टीवर उतरले, तिच्या आसपासच्या वस्तीत त्यांची भाषा अर्धशतकापासून बोलली जात होती. योगायोगच, पण विमानतळाच्या कुंपणाबाहेर कोण राहते हे विमानतळाला ठाऊक असावे, एवढे त्यावरून नक्की म्हणता येते.

नेतृत्व, सुरक्षा आणि परस्परसंपर्क ही या पुस्तकाची तीन सूत्रे आहेत. त्यातल्या पहिल्या आणि तिसऱ्या शब्दाबद्दल मला सुरुवातीपासून संशय होता, हे संपादकांनाही ठाऊक आहे. हॉटेलातल्या परिषदांनी हे दोन्ही शब्द इतके झिजवले आहेत की नेतृत्व म्हणजे कोट घातलेल्या माणसाचे भाषण आणि संपर्क म्हणजे चहाच्या वेळी बदललेली कार्डे, असे वाटू लागते. विमानवाहतुकीत या दोन्ही गोष्टींचे मोल फार वेगळ्या ठिकाणी ठरते. खालच्या माणसाच्या लक्षात आलेली बाब वरच्यापर्यंत किती सेकंदांत पोहोचते आणि या खात्याला दिसलेला धोका त्या खात्याला कळतो का, एवढेच तिथे मोजायचे असते. सुरक्षा ही त्या दोहोंतून निघते. माझे या प्रस्तावनेतले म्हणणे एवढेच आहे. बाकीचे दाखले आहेत.

पहिला दाखला शेजारच्या नागपूरचा. रायपूरच्या मराठी माणसाला नागपूर परके नाही. बिंबाजी भोसले रतनपूरला येऊन राहिले तेव्हापासून ही ये-जा आहे, १९५६ पर्यंत दोन्ही शहरे एकाच प्रांतात होती, आणि आजही रायपूरच्या तात्यापाऱ्यातल्या घरांत एखादा मामा किंवा आत्या नागपूरची असतेच. स्वतंत्र भारतातले विमानांचे पहिले मोठे जाळे नागपुरात विणले गेले. १९४९ च्या जानेवारीअखेर रात्रीची हवाई टपाल सेवा सुरू झाली. मुंबई, दिल्ली, कलकत्ता आणि मद्रास अशा चार दिशांनी डाकोटा विमाने निघत आणि मध्यरात्रीच्या सुमारास नागपूरच्या सोनेगाव विमानतळावर एकत्र येत. टपालाच्या थैल्यांची आणि थोड्याफार प्रवाशांची अदलाबदल होई आणि उजाडेपर्यंत चारही विमाने आपापल्या गावी परत. आज मोठ्या विमान कंपन्या ज्या पद्धतीचा अभिमान बाळगतात, ती पद्धत नागपूरच्या टपाल कर्मचाऱ्यांनी कंदिलासारख्या दिव्यांच्या उजेडात तेव्हाच चालवून दाखवली होती.

या योजनेमागे दळणवळण मंत्री रफी अहमद किडवई होते आणि तिला विरोध होता तो जे. आर. डी. टाटांचा. रात्री विमाने उडवायची तर जमिनीवर तशी साधने हवीत आणि ती अपुरी आहेत, असे त्यांचे म्हणणे होते. १९३२ साली कराचीहून मुंबईला टपालाचे विमान स्वतः उडवत आणलेल्या माणसाचे हे मत होते. मंत्री हटले नाहीत. सेवा सुरू झाली, लोकप्रिय झाली, पुढे बरीच वर्षे चालली. १२ डिसेंबर १९५३ च्या रात्री नागपूरहून मद्रासकडे झेपावलेले डाकोटा थोड्याच वेळात कोसळले. १४ जणांपैकी १३ गेले, त्यांत कामगार नेते आणि खासदार हरिहरनाथ शास्त्री होते. वैमानिक तेवढा वाचला. एका अपघातावरून किडवईंना चूक ठरवणे अन्यायाचे होईल. देशाला त्या टपालाची गरज होती. मला त्या वादात वेगळेच महत्त्वाचे वाटते. व्यवसायातल्या जाणत्या माणसाने मंत्र्याला तोंडावर 'नको' म्हटले, आणि त्याच्या 'नको'ला कारणे होती. असा 'नको' आपल्याकडे आजही सहज ऐकू येत नाही.

कॉकपिटमध्ये तर तो आणखी अवघड. २७ मार्च १९७७ ला कॅनरी बेटांतल्या टेनेरिफ विमानतळावर धुक्यात केएलएम आणि पॅन ॲम या कंपन्यांची दोन जम्बो जेट एकमेकांवर आदळली, ५८३ माणसे मेली. केएलएमच्या विमानाचा कप्तान हा त्या कंपनीचा नामांकित प्रशिक्षक होता, इतरांना शिकवणारा. समोरच्या धावपट्टीवरून पॅन ॲमचे विमान बाजूला झाले नसावे, अशी शंका त्याच्या फ्लाइट इंजिनिअरने बोलून दाखवली होती. कप्तानाने ठामपणे ती उडवून लावली. कनिष्ठ पुन्हा बोलला नाही. त्यानंतरच्या काही वर्षांत जगभर वैमानिकांना विमान चालवण्याबरोबर एकमेकांशी बोलायलाही शिकवण्याचा रिवाज पडला, तो या आणि अशाच काही अपघातांमुळे.

आपल्याकडचे उदाहरण अधिक जवळचे आहे आणि म्हणून अधिक अवघड आहे. रायपूरच्या त्या संध्याकाळनंतर बरोबर पाच वर्षांनी, ७ ऑगस्ट २०२० ला, दुबईहून आलेले एअर इंडिया एक्स्प्रेसचे बोईंग ७३७ कोझिकोडच्या डोंगरमाथ्यावरच्या धावपट्टीवरून पुढे घसरत दरीत गेले. २१ जण गेले, त्यांत दोन्ही वैमानिक. कप्तान दीपक साठे यांचे कुटुंब नागपूरचे. हवाई दलाच्या अकादमीत त्यांनी मानाची तलवार मिळवली होती, चाचणी वैमानिक म्हणून काम केले होते. नागपुरातले त्यांचे वृद्ध आईवडील अपघातानंतर सगळ्या महाराष्ट्राला टीव्हीवर दिसले, आणि कुणाच्याही तोंडून टीकेचा शब्द निघणे अशक्य होते. वर्षभराने अपघात तपास विभागाचा अहवाल आला. तो नीट वाचला पाहिजे, आणि त्यात साठ्यांचा अवमान नाही.

पाऊस होता, कप्तानाच्या बाजूचा वायपर धड चालत नव्हता, पहिला प्रयत्न सोडून दुसऱ्या बाजूने उतरताना वारा पाठीमागून होता. ८,८५८ फुटांच्या धावपट्टीवर विमान टेकले ते ४,४३८ फुटांवर, म्हणजे निम्मी पट्टी मागे पडल्यावर. त्याआधी सहवैमानिकाला काहीतरी बिनसते आहे हे जाणवले होते. त्याने ते सांगायचा प्रयत्न केला, पण दबकत, ठरलेल्या शब्दांत नव्हे. आणि 'पुन्हा वर चला' हे स्पष्ट शब्द आले तेव्हा उशीर झाला होता. अनुभवी कप्तान आणि त्याच्या शेजारचा तरुण सहवैमानिक यांच्या अधिकारातली दरी अहवालाने स्पष्ट शब्दांत नोंदवली. दोघेही आपापल्या जागी कुशल होते. दोघांच्या मधली वाट बंद होती.

इथवर बहुतेक लोक वाचतात. अहवालाचा पुढचा भाग मला अधिक बोलका वाटतो. कोझिकोडच्या तळावर त्या काळात २६ सहवैमानिकांमागे कप्तान एकच नेमलेला होता. दुसऱ्या दिवशी सकाळचे उड्डाणही साठ्यांकडेच होते. विमान दुसरीकडे वळवले असते तर कामाच्या तासांचे गणित चुकून ते उड्डाण अडचणीत आले असते. हा दबाव कॉकपिटमध्ये जन्मलेला नव्हता. कुठल्यातरी कार्यालयात, कर्मचाऱ्यांच्या तक्त्यावर, एका दुपारी कुणीतरी सही केल्यावर तो जन्मला होता. नेतृत्वाबद्दल बोलताना आपण कप्तानाकडे बोट दाखवतो. ते बोट त्या तक्त्याकडेही वळले पाहिजे, असे माझे स्पष्ट मत आहे.

अपघाताच्या रात्री कोझिकोड विमानतळाजवळच्या कोंडोट्टीच्या आसपासचे लोक, करोनाच्या भीतीच्या काळात, पावसात धावत आले. रिक्षा, टॅक्सी, मिळेल त्या गाडीत जखमींना घालून रुग्णालयात नेले, रक्त द्यायला रांगा लावल्या. कुठल्याही आपत्कालीन आराखड्यात या रिक्षावाल्यांचे नाव आधी लिहिलेले नसते. माना बस्ती, धरमपुरा, तेमरी या गावांशी रायपूर विमानतळाचे नाते कसे असावे याचा विचार करणाऱ्याने कोंडोट्टी आठवावे.

कुंपणाबाहेरचे जग विसरले की काय होते, हे मराठवाड्याने फार लवकर पाहिले. २६ एप्रिल १९९३, भर दुपारची वेळ. औरंगाबादहून मुंबईला निघालेले इंडियन एअरलाइन्सचे भरगच्च बोईंग धावपट्टी संपत आली तरी पुरेसे उचलले नव्हते. धावपट्टीपलीकडून बीडचा रस्ता जातो. त्या रस्त्यावर कापसाच्या गाठींनी शिगोशीग भरलेला ट्रक होता. विमानाची चाके त्यावर आदळली, विमान पुढे जाऊन विजेच्या तारांत सापडले. ११८ जणांपैकी ५५ गेले. चौकशीत वैमानिकांनी विमान उशिरा उचलल्याचा ठपका आला, आणि तितकाच ठपका विमान उडताना बीड रस्त्यावरची वाहतूक न रोखल्याचाही आला. विमान एका खात्याचे, रस्ता दुसऱ्याचा, ट्रक तिसऱ्याचा. ट्रकवाल्याला विमानाचे वेळापत्रक माहीत असण्याचे कारण नव्हते. ज्यांना दोन्ही माहीत होते त्यांच्यात बोलणे झाले नव्हते. या पुस्तकातल्या तिसऱ्या सूत्रावर, परस्परसंपर्कावर, माझा विश्वास बसला तो या एका अपघातामुळे.

रायपूरला ट्रक नाही, पण घारी आहेत. विमानतळाच्या दहा किलोमीटरच्या आत उघड्यावर जनावरे कापू नयेत, कचरा-घाण टाकू नये, असा विमान नियमांत दंडक आहे. कारण घाण आली की घारी आल्या, आणि घार इंजिनात गेली की पुढचे सांगायला नको. आता या दहा किलोमीटरांत काय काय येते ते पाहा. माना कॅम्पचा बाजार, नवा रायपूरची मंत्रालये, ढाबे, लग्नाची मंगल कार्यालये, तलाव. घारींना पांगवायला विमानतळाची माणसे फटाके फोडतात, पण बाजारातला कचरा उचलणे नगरपालिकेच्या हातात असते, मटणाच्या दुकानाचा परवाना तिसऱ्याच टेबलावर, आणि लग्नात आकाशात लेझर सोडणाऱ्या पोराला तर तेही विमानाला धोक्याचे आहे हे कुणीच सांगितलेले नसते. यासाठी समित्या असतात, बैठका होतात, इतिवृत्ते लिहिली जातात. त्या समितीत सफाई निरीक्षक बोलतो का, की फक्त जिल्हाधिकाऱ्यांसमोर मान डोलावतो, यावर पुष्कळ काही ठरते. हे काम दिसायला अगदी सामान्य आहे आणि त्यावर कुणी परिषद भरवत नाही.

छत्तीसगडच्या आकाशाची खरी परीक्षा मात्र हेलिकॉप्टरांनी घेतली आहे. जुलै २००७ मध्ये राज्य सरकारचे 'मैना' हेलिकॉप्टर बालाघाट जिल्ह्यातल्या डोंगरात कोसळले. ऑगस्ट २००८ मध्ये हैदराबादहून रायपूरकडे निघालेले एक खासगी हेलिकॉप्टर पावसाळी ढगांत नाहीसे झाले. बस्तरच्या दक्षिणेकडच्या जंगलात त्याचे अवशेष सापडायला नोव्हेंबर उजाडला. १२ मे २०२२ च्या रात्री राज्य सरकारचेच ऑगस्टा हेलिकॉप्टर रायपूर विमानतळावर सरावाच्या उड्डाणात कोसळले आणि दोन्ही वैमानिक गेले. तिसरा अपघात इतर दोहोंपेक्षा वेगळा: ना डोंगर, ना जंगल, टॉवरच्या नजरेसमोर, घरच्या अंगणात.

या तिन्हींची कारणे एक नाहीत आणि मी ती एकत्र बांधणार नाही. पण लहान सरकारी हवाई ताफ्याची एक अडचण सगळ्या राज्यांत सारखी आहे. मोठ्या विमान कंपनीत शेकडो वैमानिक असतात, प्रशिक्षक वेगळे, तपासणीस वेगळे, सुरक्षा विभाग वेगळा. सरकारी ताफ्यात दोन-चार वैमानिक, मोजके तंत्रज्ञ, आणि प्रवासी म्हणून मुख्यमंत्री. निवडणुकीच्या दिवसांत एका दिवसात चार सभा, चार उतरण्याच्या जागा. त्यांतल्या दोन शाळेच्या मैदानावर, जिथे धुळीचे लोट उठतात आणि गर्दी दोरीच्या आत घुसते. संध्याकाळ होत आली, ढग आले, आणि वैमानिकाला सांगायचे आहे, "साहेब, आज परत जाता येणार नाही, मुक्काम करावा लागेल." हे वाक्य उच्चारायला लागणारे बळ विमानविद्येच्या कुठल्या पुस्तकातून येत नाही. ते वाक्य ऐकून "बरं, राहू या" म्हणणारा नेता असेल, तर त्याला नेता म्हणावे. अतिमहत्त्वाच्या व्यक्तींच्या प्रवासात वैमानिकावर दबाव आणू नये, अशा सूचना नागरी विमानवाहतूक महासंचालनालयाने वेळोवेळी काढल्या आहेत. सूचना वैमानिकाच्या फायलीत असते, आणि दबाव आणणाऱ्याने ती वाचलेली नसते.

चूक सांगितली की शिक्षा, हा आपल्या कार्यालयांचा जुना हिशेब आहे. विमानवाहतुकीने जगभर तो मोडायचा प्रयत्न केला. अमेरिकेत १९७६ पासून नासाकडे वैमानिक आपल्या चुका नाव गुप्त ठेवून कळवू लागले. २०१३ पासून आंतरराष्ट्रीय नागरी विमानवाहतूक संघटनेच्या एकोणिसाव्या परिशिष्टाने सुरक्षा व्यवस्थापनाला स्वतंत्र जागा दिली. आपल्याकडेही स्वेच्छेने कळवायची सोय आहे. तरी रात्रपाळीला टो-ट्रॅक्टर चालवणाऱ्या ठेक्यावरच्या मुलाने विमानाच्या पंखाला हलकासा धक्का लागल्याचे कळवावे, अशी आपली अपेक्षा असेल, तर दुसऱ्या दिवशी त्याची नोकरी टिकते की नाही, हे त्याला आधी दिसले पाहिजे. कागदावरची निर्भयता त्याला पुरत नाही. पत्र्याला पडलेला चार बोटांचा पोचा लपवला, तर तो आठ हजार मीटरवर कुणाला तरी सापडतो.

रायपूर हा मध्यम आकाराचा विमानतळ आहे आणि या विषयासाठी मला तीच सोयीची गोष्ट वाटते. मुंबईत टॉवरच्या माणसाला अग्निशमन दलाच्या शिफ्टप्रमुखाचा चेहरा ठाऊक असेलच असे नाही. इथे तो ठाऊक असतो. दोघांची मुले एकाच शाळेत जातात, गणपतीत चौबे कॉलनीतल्या महाराष्ट्र मंडळात दोघे भेटतात. ही ओळख तारणारी आहे आणि घातकही ठरू शकते. तारणारी, कारण फोन उचलला जातो. घातक, कारण ओळखीपोटी नियम वाकतो, नोंद राहून जाते, "अरे, तुझ्यासाठी एवढं चालतं" म्हटले जाते. पुस्तकातल्या काही लेखकांनी या ओळखींचे फार कौतुक केले आहे. मी तितका खुश नाही.

२०१२ साली मानाला स्वामी विवेकानंदांचे नाव मिळाले आणि त्याच वर्षी नोव्हेंबरात नव्या टर्मिनलचे उद्घाटन झाले. त्यानंतर राज्यात जगदलपूर, बिलासपूर आणि २०२४ मध्ये अंबिकापूर इथून प्रवासी विमानांची सोय झाली. या छोट्या तळांवर दिवसाला एखाददुसरे विमान, कधी महिनोन् महिने तेही नाही. अग्निशमन दलाचा सराव, हवामानाची नोंद, धावपट्टीची पाहणी मात्र विमान येवो न येवो, रोज करावी लागते. जिथे काही घडत नाही तिथे सावध राहणे हे फार कंटाळवाणे काम आहे. त्या माणसांबद्दल या पुस्तकात एकच प्रकरण आहे. आणखी दोन असायला हवी होती, आणि पुढच्या आवृत्तीत ती यावीत असा माझा संपादकांकडे आग्रह आहे.

हे लेखन मराठीत का, असे कुणी विचारेल. रायपूर-नागपूर पट्ट्यात या क्षेत्रात काम करणाऱ्या मराठी माणसांची संख्या मोठी आहे. नागपूरच्या मिहानमध्ये विमानांच्या दुरुस्तीचा उद्योग उभा राहिल्यापासून तर गावोगावची आयटीआय झालेली मुले तिकडे वळत आहेत. नियम त्यांना इंग्रजीत पाठ असतात. आपल्या वरिष्ठाला 'सर, थांबा' कसे म्हणायचे, याचा सराव मात्र आपल्या भाषेत झालेला बरा.

वाचकांपैकी बहुतेक जण कॉकपिटमध्ये किंवा टॉवरवर नसतील, तिकीट काढून मागच्या ओळीत बसणारे असतील. त्यांच्याकडे माझे एकच मागणे आहे. पावसाळ्यात रायपूरवर घिरट्या घालून तुमचे विमान कधी नागपूरला नेऊन उतरवले आणि घरी पोहोचायला मध्यरात्र झाली, तर काउंटरवरच्या मुलीवर ओरडू नका. पैसे परत मागा, जेवण मागा, ते तुमच्या हक्काचे आहे. पण 'उतरवायचं होतं की इथेच' असे वैमानिकाला म्हणू नका.